पट्टीवरचं कुंकू
कॉम्प्युटरचं यंत्र मध्येच थांबलं आणि तरुण सरांचा चेहरा उतरला. सांगलीच्या त्या कॉलेजात मी झाडलोट करायची. यंत्राचा सगळा कारभार चालवणारा प्रोग्राम सरांनी स्वतः रचून भोकांच्या कागदी पट्टीवर उतरवला होता. आधी खटके वरखाली करून ते यंत्राला पट्टी वाचण्यापुरतं शिकवायचे, मग यंत्र पट्टी वाचून प्रोग्राम पोटात घ्यायचं. आता तो चालला नाही तर सरांच्या वरचे साहेब हे काम बंदच करणार होते. "पूजा करूनबी रुसलंय व्हय रं?" साहेब म्हणाले. सरांनी पट्टी खिडकीशी धरली. खंडेनवमीला यंत्राची पूजा करताना त्यांनी पट्टीलाही लावलेलं ओलं कुंकू भोकांत वाळलं होतं. "मावशी, पिन द्या." मी बांगडीतली काढून दिली. भोकं मोकळी करून त्यांनी पट्टी पुन्हा घातली आणि यंत्र चाललं. "फुडच्या वर्षी नुसता नमस्कार कर," साहेब म्हणाले. आता सर आणि साहेब दोघंही वारलेत. त्या खोलीतली मी तेवढी आहे.