मिटवा म्हटल्यावर मिटवणारी मृणाल

मृणाल गेल्याचं तिच्या नवऱ्याने मला फोन करून सांगितलं. फोन करण्यावाचून त्यांना इलाजच नव्हता, कारण बातमी टाकावी असं तिचं इंटरनेटवर एकही खातं उरलं नव्हतं. "सकाळी चहा ठेवला आणि ओट्याशीच बसली... हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं होतं," एवढंच सतीशभाऊजी बोलले. मी नोएडाला तिच्या घरी पोहोचेपर्यंत आमच्या जुन्या कंपनीने मात्र आपलं काम उरकलं होतं. कंपनीच्या पेजवर मृणालचा हसरा फोटो, चारी कडांना पांढरी फुलं, खाली 'आमच्या परिवारातला एक तारा निखळला'. याच परिवाराने तिला एका संध्याकाळी टेबल रिकामं करायला लावून बाहेर काढलं होतं. आणि हाच फोटो काढून टाका म्हणून तिने त्यांना दोनदा लेखी कळवलं होतं. फोटोखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. दारात माझ्या पुढे असलेल्या शेजारीणबाई चपला काढता काढता तेच चित्र पाठवत होत्या; खरे हात जोडणं त्यांचं आत गेल्यावर झालं.

त्या कंपनीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. त्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे साहेबांची टवाळी त्यांच्या तोंडावर करता यायची. कंपनीचा धंदा लग्नं जुळवण्याचा. मुलामुलींची उंची, रंग, पगार, गोत्र, वडिलांचा नंबर, सगळं लोक आपणहून आणून द्यायचे, आणि कुणी खातं बंद करा म्हटलं की कंपनीला गहिवरून यायचं. चार स्क्रीन ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नसे. त्या स्क्रीनवरची वाक्यं माझी. 'खरंच जाताय? तुमचा जोडीदार कदाचित उद्याच येणार असेल.' या वाक्याबद्दल मला टाळ्या मिळाल्या होत्या, केक कापला होता, आणि मी तो खाल्लाही होता. चौथ्या स्क्रीनपलीकडे गेलेल्या चिकाटीच्या माणसाचंही खातं मिटायचं नाहीच, फक्त दिसेनासं व्हायचं. माहिती कंपनीकडे राहायची आणि तिथून दागिनेवाले, हॉलवाले, कर्जवाले यांच्याकडे जायची. खातं मिटवण्याच्या विनंत्या मृणालकडे यायच्या. गोड उत्तर द्यायचं आणि महिनाभर टोलवायचं, हे तिचं काम. "यूज़र को थोड़ा टाइम दीजिए, मन बदल जाता है," असं साहेब सांगायचे. त्यांना कुणाच्या मनाची एवढी काळजी वाटताना मी दुसऱ्या कुठल्या प्रसंगी पाहिलं नाही.

मग एके दिवशी दिल्लीतल्या मुनिरकाहून एक मुलगी मेट्रोने थेट ऑफिसला आली. शिकत होती, भाड्याच्या खोलीत राहत होती. घरच्यांनी तिला न विचारता तिचं खातं उघडलं होतं, आणि त्यावरून तिचा पत्ता काढून एक माणूस रोज तिच्या गल्लीत येऊन उभा राहत होता. तिने तीनदा विनंती पाठवली. तीनदा जोडीदार उद्याच येणार असल्याचं उत्तर गेलं. आता खाली गेटवर गार्डने तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं. नाव, नंबर, पत्ता, कॅमेऱ्यात बघा. मुलगी रडली नाही, चिडलीही नाही. "मैं मिटवाने आई हूँ," ती म्हणाली, "आप फिर से लिखवा रहे हैं।" मृणाल खाली गेली, रजिस्टर मिटून गार्डच्या हातात दिलं आणि मुलीला वर घेऊन आली. शेजारी खुर्ची देऊन तिच्यादेखत सगळं पुसलं. फोटो, पत्ता, बॅकअप, बाहेर पाठवायच्या यादीतली ओळ... सगळं. मी हात मांडीवर ठेवून नुसती पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. कंपनीची मालमत्ता नष्ट केली म्हणे. त्या मुलीचा चेहरा ही कंपनीची मालमत्ता. साहेबांनी मला विचारलं, "आप तो वहीं थीं?" मी म्हणाले, मी जेवायला गेले होते. मृणालने माझ्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये खोकं हातात धरून ती उभी होती, आणि दार उघडताना म्हणाली, "काय होतं गं काल डब्यात?" एवढंच. पुढे या विषयावर ती कधी बोलली नाही, मीही नाही. वर्षभराने मी कंपनी सोडली. लाज वाटून नव्हे, दुसरीकडे पगार बरा होता म्हणून.

तिने मग स्वतःची सगळी खाती एकेक करून मिटवली. नातेवाइकांनी ठरवलं की तिचं काहीतरी लपवण्यासारखं आहे. एक चुलतनणंद तर, "अच्छा, म्हणजे सतीशचं आणि तुझं बरं चाललंय ना?" असं विचारायला मुद्दाम आली. एकदा आम्ही मेडिकलमध्ये गेलो, तिचं डोकं ठणकत होतं. "नंबर के बिना बिल नहीं निकलेगा," काउंटरवरचा म्हणाला. तिने गोळ्या काउंटरवर परत ठेवल्या. तिसऱ्या दुकानात नंबर न विचारता मिळाल्या. मी वाटभर कुरकुरत होते, डोकं तिचं दुखत असताना.

आता तिच्या फोटोबद्दल. काढून टाका म्हणून मी कंपनीला लिहिलं. उत्तरात त्यांनी तिच्या मृत्यूचा दाखला, तिचं आधार आणि माझं आधार हातात धरून काढलेला माझा फोटो मागितला. खाली लिहिलं होतं, 'खरंच जाताय?' माझंच वाक्य, अजून नोकरीत आहे. फोटो अजून तिथेच आहे. लोक अजून हात जोडतात.

परवा सतीशभाऊजींकडे गेले होते. त्यांनी तिचा फोन माझ्यापुढे ठेवला. कोड तिने कुणालाच सांगितला नव्हता.
"आत तिचा आवाज असेल गं कुठेतरी," ते म्हणाले. "तुमच्या लाइनमधलं कुणी उघडून देईल ना?"
"देईल," मी म्हणाले. "आणि आधी स्वतः बघेल."
त्यांनी फोन परत स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "राहू दे. सकाळी सहाला गजर होतो तिचा. स्क्रीनवर येतं, 'मोटर'. तो बंद करायला कोड लागत नाही. मी उठतो, मोटर लावतो, टाकी भरेपर्यंत गच्चीत उभा राहतो... इतकी वर्षं ती कधी उठायची, मला ठाऊकच नव्हतं."
फोनची बॅटरी उतरत आली होती. ते उठले आणि त्यांनी तो चार्जिंगला लावला.