गिऱ्हाइकांची भरीव डोकी

फेसवाल्या काकांनी लोकांच्या गालांवर आयुष्यभर असा काही फेस काढला, की त्यांचं खरं नाव बायकोलाही आठवून सांगावं लागे. एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढे ते चालू लागले, बोलू लागले (जरा जास्तच), पण उजवा हात मेला थरथरायचा तो थरथरायचाच. आता सांगा, थरथरत्या वस्तऱ्यापुढे मान वर करून कोण बसेल? जुनी गिऱ्हाइकं दुकानापुढून जाताना हळहळायची आणि झपाझप पावलं उचलायची. दुकानाचा गाळा मेहुण्याच्या नावावर. त्याने तर सांगूनच टाकलं, "भावोजी, या महिन्यात एकही माणूस खुर्चीत बसला नाही, तर इथं मी पंख्यांचं दुकान काढणार." काका न्हाणीघरात नळ सोडून रडायचे.

डॉक्टर म्हणाले, माती मळा, बोटं सुटतील. म्हणून काका गल्लीच्या टोकाच्या मातीकामाच्या वर्गात गेले. बाकीचे फुलदाण्या करत होते. काकांनी डोकी करायला घेतली. दुसरं येतं काय त्यांना? आधी बँकेतला कॅशियर, मग मास्तर, मग चष्मेवाला. हुबेहूब! मास्तरांच्या डोक्यातला दुहेरी भोवरासुद्धा सुटला नाही.

वर्गाच्या बाई म्हणाल्या, "काका, आतून कोरून घ्या. भरीव डोकी भट्टीत फुटतात."

काकांचा पारा चढला. "बाई, ही डोकी मी जन्मभर हातात धरलीत. माझं एकही गिऱ्हाईक पोकळ डोक्याचं नाही!"

भट्टी उघडली, तर आत नुसत्या ठिकऱ्या. गल्लीत बातमी पसरली ती 'कॅशियरचं डोकं फुटलं' अशी. त्याची सासू रडतभेकत बँकेत पोचली आणि जावई धडधाकट नोटा मोजताना पाहून थोडी हिरमुसूनच परतली. संध्याकाळी कॅशियर स्वतः वर्गात हजर. "काका, माझं पोकळ करा. खुशाल करा, मी मनाला लावून घेत नाही. पण पुन्हा फोडू नका हो!"

गिऱ्हाइकानेच परवानगी दिल्यावर काका नमले. तारेने टाळू कापायची, आतली माती कोरून काढायची, टाळू परत बसवायची आणि सांध्यावर पातळ चिखल भरून अंगठ्याने गुळगुळीत करायचं. हात हवेत थरथरायचा, पण मातीला टेकला की गप्प व्हायचा. हे आधी बायकोच्या लक्षात आलं. तिने पदराने डोळे पुसले.

भाजलेली डोकी दुकानातल्या बाकड्यावर रांगेत बसली. एक ओलं डोकं खुर्चीत. काका त्याला फेस लावायचे, वस्तरा फिरवायचे, खरचटलं की चिखल भरायचे. एकदा मास्तरांचा अख्खा कान उडाला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मेहुणा टेप घेऊन भिंती मोजत होता. काका कोपऱ्यात तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात मास्तर आत आले. खुर्चीतलं स्वतःचं डोकं त्यांनी उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"याचा कान कुठाय?"

काकांनी खण उघडून आतला कान दाखवला.

"असू दे. माझे मात्र दोन्ही जागेवर राहू द्या," म्हणत मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

फेस झाला. वस्तरा उचलला, तसा हात थडथड उडायला लागला. मेहुण्याच्या हातातली टेप सर्रकन गुंडाळली गेली. दारात माणसं गोळा झाली. पण पातं गालाला टेकलं आणि हात गप्प! एक गाल झाला. दुसरा झाला. हनुवटीपाशी मात्र जरासं कापलं, आणि काकांनी सवयीने बोट चिखलात बुडवून जखमेत चिखल भरला. वर अंगठ्याने छान गुळगुळीतही केलं.

काकांना आपण काय केलं ते कळलं, तसे ते पांढरेफटक पडले.

मास्तरांनी एक डोळा उघडून आरशात पाहिलं. "आता भट्टीत घालणार की काय मला?"

काका आधी हसले, मग हुंदके देऊन रडले. या वेळी नळ सोडायला गेले नाहीत.

कॅशियर दारातल्या गर्दीतून आत आला. बाकड्यावरचं स्वतःचं डोकं उचलून त्याने मांडीवर घेतलं आणि त्या जागेवर बसत मेहुण्याला म्हणाला, "दाढी करायची असेल तर माझ्या मागे बसा. मी केव्हापासून नंबर लावून बसलोय."