समोरच्यानं ‘हो’ म्हणेपर्यंत

दौलतभाऊ बसलेले मला आठवतच नाहीत. जेवतानाही ते ताट हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारायचे, आणि त्यांची बायको, विमलबाई, भाजीचं भांडं घेऊन दारात उभी असायची. ते फिरून दारापाशी आले की वाढायची. जीपमध्ये बसणं भागच होतं, पण तिथेही दोन्ही गुडघे सारखे हलत. आमचा ड्रायव्हर सादिकभाई वैतागायचा. ‘भाऊ, गाडी मी चालवून राह्यलो, तुमी काऊन पाय मारता?’

नागभीडला आमची एक लहानशी संस्था आहे. एखादं गाव एखाद्या प्रश्नावर अडलं, की तिथे जायचं, लोकांना एकत्र आणायचं आणि त्यांच्याकडूनच वाट काढून घ्यायची, हे आमचं काम. मी नवी नवी लागले तेव्हा शहरात प्रशिक्षण घेऊन आले होते. रंगीत चिठ्ठ्या, मोठाले कागद, जाड पेनं, सगळा सरंजाम बरोबर. दौलतभाऊंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, ‘कागद चांगले हायेत, मास्तरीणबाई. पण पयले लोकाईले जाग्यावरून तर उठवा.’ मी शिक्षिका कधीच नव्हते, पण त्यांनी ठेवलेलं नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

उठवा म्हणजे खरोखर उठवा. गावात सभा भरली की माणसं आळीवार बसतात. हे इकडे, ते तिकडे, बाया भिंतीला. दौलतभाऊ आल्या आल्या एकेकाच्या कोपराला धरून जागा बदलून टाकायचे. म्हातारे कुरकुरायचे, कुणी उघड शिव्या घालायचं. ‘घाला,’ ते म्हणायचे, ‘पण तिकडं जाऊन घाला.’ मग त्यांचा नियम सुरू व्हायचा. ज्याला स्वतःची बाजू मांडायची, त्यानं आधी समोरच्याची अडचण स्वतःच्या तोंडानं सांगायची. समोरचा ‘हो, हेच’ म्हणाला तर पुढे बोलायचं. ‘नाई’ म्हणाला तर पुन्हा सांगायची. ‘त्यानं हो म्हनेपर्यंत तुया तोंडाले तुयं दुःख काढाची परवानगी नाई,’ हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की झोपेतही म्हणेन.

आणि दोघांचं ‘हो’ मिळालं की पागल उत्तरं. शहाणं उत्तर द्यायला सक्त मनाई. ‘शहाने उत्तर तुमच्यापाशी असते तं मले बलावलं असतं का?’ जो जास्त वेडगळ बोलेल त्याची पाठ थोपटायची, आणि त्याच वेडेपणाला दुसऱ्यानं काही जोडायचं. मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटे. त्यात त्यांचं ते सतत येरझाऱ्या घालणं. माझं डोकं गरगरायचं, चहा थंड व्हायचा, आणि एक ओळ धड लिहून होत नसे.

मग त्यांच्या छातीत दुखलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गावोगाव हिंडणं बंद, घरी आराम करा. दौलतभाऊंना आराम सांगणं म्हणजे शिक्षाच. ते अंगणातच फिरायला लागले, आणि विमलबाईंचा चेहरा दिवसेंदिवस घट्ट होत गेला. आम्ही सगळे समजलो, बाईंना नवऱ्याच्या जिवाची काळजी आहे, त्यांनी घरी राहावं असं वाटतंय. दौलतभाऊही तेच समजले.

अशात पोंभुर्ण्याकडच्या एका गावातून फोन आला. पाऊस लवकर गेला होता. बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान गर्भात होतं, एक पाणी मिळालं नसतं तर लोंब्या पोचट निघाल्या असत्या. पाणी होतं ते गावतलावात, आणि तलावात ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीनं मासे सोडलेले. कुणीतरी पहाटे तलावाचं दार उघडलं, ढिवरांनी ते बंद केलं, काठ्या निघाल्या. आणखी एकदा असं झालं तर डोकी फुटणार, हे फोनवर बोलणाऱ्याच्या आवाजावरूनच कळत होतं. मी म्हटलं, ‘भाऊ, मी जाते, तुम्ही राहा.’ तोवर ते चपला शोधत होते.

आम्ही जीपपाशी आलो तर मागच्या सीटवर विमलबाई बसलेल्या. इस्त्रीचं लुगडं, मांडीवर पिशवी. ‘औषध कोन देईन तुमाले?’ त्या म्हणाल्या. दौलतभाऊ माझ्याकडे पाहून कुजबुजले, ‘पहारा आला.’ इतक्या वर्षांत विमलबाई त्यांच्या सभेला पहिल्यांदाच येत होत्या.

शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. वाघ फिरत होता, त्यामुळे अंधाराच्या आत सगळं आटपायला हवं होतं. दौलतभाऊंनी माणसं हलवली आणि सोसायटीच्या कमलाबाईंसमोर शेतकऱ्यांच्या केशवभाऊंना उभं केलं.

‘सांग, बाईची अडचण काय हाये?’

‘काय राहीन? मासे पायजेत.’

‘नाई,’ कमलाबाई म्हणाल्या.

‘मंग आमचं वाईट पाहाचं हाये.’

‘नाई.’

केशवभाऊ चिडले, जायला निघाले. दौलतभाऊ त्यांच्या बाजूने चालत राहिले, पार फाटकापर्यंत गेले आणि बोलत बोलत परत घेऊन आले. छातीवर हात होता. विमलबाई भिंतीपाशी अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. केशवभाऊ तलावाकडे बघत, अडखळत म्हणाले, ‘माश्याईचं बीज उशिरा पडलं. मासे अजून लहान हायेत. आता पानी उतरलं तं बगळे खाऊन टाकतीन, अन् पुढच्या पावसाळ्यापावतो ह्याईच्या हाती काई नाई.’

‘हो,’ कमलाबाई म्हणाल्या. ‘हेच.’

मग त्यांची बारी आली. त्याही एकदोनदा चुकल्या. मग एकदम केशवभाऊंकडे रोखून पाहत म्हणाल्या, ‘तुयी बांधी शेवटाले हाये. वरचे पानी घेतेत अन् तसंच वाहू देतेत, ते जाते नाल्यात. तुयापर्यंत येतच नाई. म्हनून तू पहाटे दार उघडतं.’

दार कुणी उघडलं हे तोवर कुणी उघड बोललं नव्हतं. आता काठ्या निघणार, असंच मला वाटलं.

‘हो,’ केशवभाऊ म्हणाले.

‘आता पागल उत्तरं!’ दौलतभाऊ टाळी वाजवून ओरडले. कुणाला विचार करायला वेळच दिला नाही. कुणी म्हणालं, बगळ्याईले पोलीस ठाण्यात बसवा. कुणी म्हणालं, माश्याईले बांधीत पोहाले शिकवा. लोक कसनुसे हसायला लागले. आणि भिंतीपासून आवाज आला, ‘बदली करा. ढिवराईले वावरात पाठवा पानी वळवाले, अन् शेतकऱ्याईले तलावाच्या दारावर बसवा.’

विमलबाई बोलल्या होत्या. लोक पोट धरून हसले. दौलतभाऊ हसले नाहीत. ते गर्रकन वळले, ‘अन् त्याले जोडा,’ म्हणाले. आणि लोक जोडत गेले. ढीवर वावरात असतील तर थेंबभर पाणी नाल्यात जाऊ देणार नाहीत, कारण वाचेल तेवढं पाणी तलावात माश्यांना राहणार. शेतकरी दारावर असतील तर पाणी फार उतरू देणार नाहीत, कारण मासे मेले तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. वरच्या बांध्यांचे मालक जरा कुरकुरले, पण सगळ्यांच्या समोर नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी कमलाबाई कंबरेला पदर खोचून केशवभाऊंच्या बांधीत उभ्या होत्या. धान निघालं. मासेही वाचले.

पण मी सांगतेय ते त्या संध्याकाळचं. परतताना जीप जंगलातून चालली होती, दौलतभाऊंचे गुडघे नेहमीसारखे चालू होते, आणि मागून विमलबाई म्हणाल्या, ‘आता मायी अडचन सांगा.’

‘सोपं हाये,’ ते म्हणाले. ‘तुले भेव वाटते, मी मरीन.’

‘नाई.’

‘घरी एकटीले करमत नाई.’

‘नाई.’

सादिकभाई आरशात बघायला लागला. दौलतभाऊ वळून बसले. ‘मी तुयं ऐकत नाई, त्याचा राग.’

‘नाई,’ म्हणून विमलबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

त्यानंतर ते अगदीच सैरभैर झाले. मी भेटायला गेले की अंगणात माझ्याबरोबर फेऱ्या मारत दबक्या आवाजात विचारायचे, ‘मास्तरीणबाई, तुमीबी बाईमानूस. काय असन?’ मी काय सांगणार? मला वाटायचं, बाईंनी सरळ सांगून टाकावं आणि या माणसाला सोडवावं. पण नियम त्यांचाच होता आणि बाई तो काटेकोर पाळत होत्या. एवढ्या गावांना ‘हो’ म्हणायला लावणारा माणूस स्वतःच्या दारात अडकून पडलेला पाहून मला हसूही यायचं आणि जीवही तुटायचा.

थंडीत ते गेले. अंगणातच, सकाळी. मला फार लागलं ते. त्यांच्याशिवाय सभा घ्यायची म्हणजे मला जमिनीला खिळल्यासारखं वाटायचं.

आता विमलबाई आमच्याबरोबर येतात. न विचारता एक दिवस जीपमध्ये येऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन, तेव्हापासून. परवा आम्ही निघालो तर नागभीडचं रेल्वे फाटक बंद. सादिकभाईनं गाडी उभी केली. मला राहवेना. विचारलं, ‘बाई, भाऊंना शेवटपर्यंत सापडलं नाही का हो?’

‘सापडलं ना. जायच्या चार-आठ दिवस आधी.’ त्या रुळांकडे पाहत होत्या. ‘भाजी वाढून राह्यली होती मी. ताट घेऊन आले अन् दारातच थांबले. म्हने, तू मले अडवून नाई राह्यली, विमल. तुले मायासंगं याचं हाये. पयलेपासून याचं होतं.’

‘मग?’

‘मंग काय? हो म्हटलं.’ त्यांनी पदर सारखा केला. ‘तं ताट खाली ठेवलं अन् माया चपला हुडकाले लागले. चाल म्हने, आत्ता. या फाटकापावतो आलो आमी. असंच बंद होतं. गाडी लय लांबची, मालाची, सरतच नव्हती. उभं राहा लागलं दोघाईले.’

मालगाडीची शिटी ऐकू आली. मी विचारलं, ‘आणि त्यांचे पाय?’

‘नाई हालले,’ विमलबाई म्हणाल्या.