मांडीवर मिटलेलं गायनपुस्तक

सरोजबाई साळवे यांची नि माझी ओळख बटाटेवड्यांमुळे झाली, हे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात आधीच सांगून टाकतो. लष्करातली ड्रायव्हरी संपवून आम्ही दिल्लीच्या द्वारकेत राहायला आलो, तेव्हा माझी पत्नी शांता मला बाईंच्या घरच्या बुधवारच्या प्रार्थनासभेला ओढून घेऊन गेली. चार शब्द मराठी कानावर पडतील नि शेवटी वडे मिळतील, एवढ्या लोभाने मी गेलो. शाळा माझी बेताचीच. शास्त्र, म्हणजे बायबल, धड वाचायला शिकलो ते बाईंच्या शेजारी बसून. बाई निवृत्त परिचारिका. चुकीचा उच्चारही मलमपट्टी केल्यासारखा हळू हाताने नीट करीत.

सभेची एक रीत होती. गायनपुस्तक हातोहात फिरे आणि ज्याच्या हाती येई त्याने देवाची एक स्तुती सांगायची. मुलाला नोकरी लागली, गुडघा सुधारला, असं काहीबाही. दुःख मात्र चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं. रडला तो विश्वासात कच्चा.

शांता गेल्यावर पुस्तक माझ्या हाती आलं आणि तोंडून शब्द फुटेना. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "भाऊ, स्तुती करा, बिल्कुल हलकं वाटेल." बाईंनी त्यांना काही म्हटलं नाही. शास्त्रातलं एक विलापाचं स्तोत्र काढलं, शेवटच्या ओळीपर्यंत अंधारच असलेलं, नि वाचून थांबल्या. वर सांत्वनाचं गाणं जोडलं नाही. मग म्हणाल्या, "हेही देवानेच शास्त्रात ठेवलंय. आपण कोण गाळणारे?"

तेव्हापासून रीत बदलली. ज्याच्याजवळ स्तुती नाही त्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवावं, जमेल तेव्हा पुढे द्यावं. मी कित्येक बुधवार तसंच केलं. बाई निघताना वडे बांधून देत, विचारत काही नसत. सभेला सुतकी कळा आली म्हणून काही घरं गुरुग्रामच्या सभेला जाऊ लागली. तिथे गिटार वाजते. त्यांच्याकडेही बाईंचा नाताळचा फराळ जातच राहिला.

स्वतः बाईंची स्तुती मात्र कधी चुकली नाही. यंदा चुकली. साळवेसाहेब आता त्यांना ओळखत नाहीत. पत्नीला "सिस्टर" म्हणून हाक मारतात, नि त्यांच्याच हातून घास घेताना, घरची मंडळी कुठं आहेत, असं विचारतात. परवाच्या बुधवारी पुस्तक बाईंकडे आलं. त्यांनी ते मिटलं.

"थकले मी, भाऊ. सभा दुसरीकडे न्या. ज्या घरात स्तुती उरली नाही तिथे कशाला येता?"

मी तेच स्तोत्र काढलं. अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं नि थांबलो. वर काही जोडलं नाही. मग म्हणालो, "बाई, पुढच्या बुधवारी इथेच येणार. वडे मी आणतो."

"तुमचे वडे कोण खाणार?" बाई म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत.

पंच्याहत्तरीला शंभरीचं मागणं मागतात. थकल्या जिवाला मी आधी रात्रीची सलग झोप मागतो, हाताखाली एखादं माणूस मागतो. मग आयुष्य मागतो, निरोगी नि भरपूर. बाई, या ग्रंथाची बाकीची पानं स्तुतीनेच भरतील, नि ती खरीच असतील. ती वाचणं जमलं नाही तर ग्रंथ मिटून मांडीवर ठेवा. आम्ही बसलो आहोत.