पोटातली ग्रामपंचायत

आमच्याकडे पेशंटच्या फायली जाड होतात त्या रिपोर्टांनी नाही, सबबींनी. रिपोर्ट एका पानात मावतो. तो तसा का आला, हे सांगायला मात्र पुरवण्या लागतात! मलकापुरात आमच्या डॉक्टर सरांच्या शुगरच्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागले, त्याला बारा वर्षं झाली. आठवड्यातून एक दिवस आम्ही माधवनगरलाही जातो. सर, रक्त काढणाऱ्या शोभाताई आणि मी, एवढीच आमची पलटण. माझं काम सोपं आहे. लोकांना विचारायचं, "काय खाता?" आणि खोटं ऐकून घ्यायचं.

*

जाधव सुभेदार फौजेतून रिटायर झालेले. पाठ ताठ, मिशी ताठ आणि कोलेस्टेरॉल त्याहून ताठ.

"सुभेदारसाहेब, महिन्याला तेल किती लागतं?"

"निल! एक थेंब न्हाई मॅडम. तुमी सांगितलं तवापास्नं बंद म्हंजे बंद. ऑर्डर इज ऑर्डर!"

मी हरखलेच. माझं ऐकणारा पहिला पुरुष भेटला होता! पण रिपोर्ट बघितला तर मागच्यापेक्षा वाईट. मग मी हळूच विचारलं, "भाजीला फोडणी कशाची देता?"

"तुपाची की! चपाती बी तुपात बुडवूनच."

मी समजावलं. तूपही फॅटच आहे, चमचाभर चालेल. पण वाटीनं पोटात जायला लागलं की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. सुभेदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग लहान मुलीला सांगावं तसं मला म्हणाले,

"मॅडम, त्याल कंपनीचं असतंय. तूप आमच्या म्हशीचं हाय. कंपनी खोटं बोलंल, म्हस कशाला बोलंल?"

*

फलटणच्या पवार गुरुजींनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मी पेशंटना रोजचं खाणं वहीत लिहून आणायला सांगते. गुरुजींची वही बघावी! समास सोडलेला, अक्षर मोत्यासारखं. सोमवार, भाजी. मंगळवार, भाजी. बुधवारी दोन वेळा भाजी. पावसाची झड लागली त्या आठवड्यात तर नाष्ट्यालाही भाजी.

"गुरुजी, इतक्या भाज्या खाऊन ट्रायग्लिसराइड एवढे कसे काय वाढले?"

"तेच तर आश्चर्य आहे," गुरुजी म्हणाले. "मला वाटतं, तुमच्या लॅबची काहीतरी चूक असावी."

शेजारी गुरुजींच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं, वही पुढ्यात ओढली आणि आठवडाभरातल्या सगळ्या भाज्यांचा एकेक काना खोडून टाकला!

*

एकदा सर पुण्याहून कॉन्फरन्स करून आले, ते डोक्यात जिवाणू घेऊनच. पुढचे पंधरा दिवस दुसरा विषय नाही. एका रविवारी चाळीसेक पेशंट बोलावून त्यांनी भाषण ठेवलं. "मंडळी, तुमच्या आतड्यांत कोट्यवधी जिवाणू आहेत! तुमची शुगर त्यांच्याही हातात आहे!" लोक आपापल्या पोटाकडे संशयानं बघायला लागले.

तासगावकडचे भगवान आबा पुढच्याच रांगेत होते. आठ दिवसांनी ते दवाखान्यात आले ते गालफडं बसलेले, पण चेहऱ्यावर मोठं समाधान.

"सर, काम फत्ते! मेडिकलातनं जंताच्या गोळ्या आणल्या, वर एरंडेल घेतलं. तीन दिस परसाकडं पळत हुतो. आता आत एक बी शिल्लक न्हाई!"

सरांनी कपाळाला हात लावला. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आबा, जंत वेगळे, जिवाणू वेगळे. जिवाणूंत चांगलेही असतात. डाळी, पालेभाज्या, भाकरी यांतला चोथा हे त्यांचं खाणं. आपण नुसतं तळलेलं, तेलकट खात राहिलो तर चांगले उपाशी मरतात आणि वाईट माजतात. आतड्याचं अस्तर कच्चं होतं, अंगात बारीक सूज धुमसत राहते आणि इन्सुलिनचं काम अडतं.

आबांनी मान हलवली. "म्हंजे चांगलं गप उपाशी बसत्यात, वाईट माजत्यात, आन भोगायचं आपण. आवं सर, मग असं सांगा की सरळ, पोटात ग्रामपंचायत हाय म्हनून!"

*

सरांबद्दलही सांगितलं पाहिजे, नाहीतर पेशंटवर अन्याय होईल.

माधवनगरच्या वाटेवर एक मिसळीचं हॉटेल आहे. तिथं रश्शावर बोटभर लाल तेल तरंगतं. त्या हॉटेलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, दाराकडे पाठ करून, सर वरून आणखी कट मागवत होते. मी समोर गुपचूप दही खात होते. सरांच्या मागून आवाज आला, "सर, रामराम!"

जाधव सुभेदार! सांगलीला लेकीकडे निघाले होते. हातात कपभर बिनसाखरेचा चहा, दुसरं काही नाही.

सर गडबडले. "मी आपलं कधीतरी हो. आणि माझी शुगर एकदम नॉर्मल आहे."

सुभेदारांनी एकदा वाटीतल्या तेलाकडे बघितलं, मग सरांच्या पोटाकडे. आवाज अगदी प्रेमळ.

"व्हय की सर. तुमच्या वयात माझी बी नॉर्मलच हुती!"

*

माधवनगरचे शशीभाऊ म्हणजे यंत्रमागवाले. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये. त्यानं फोनवरून वडिलांवर उपचार सुरू केले. भाकरी बंद, भात बंद, डाळ बंद. सकाळी कॉफीत लोण्याचा गोळा आणि दोन चमचे खोबरेल घुसळून प्यायचं. भाऊंनी स्वतःच्या अधिकारात गोळ्याही बंद करून टाकल्या!

"शुगर बघा मॅडम, कशी खाली आलीय! तुमी बारा वर्सं नुसतं डाळी खा, डाळी खा करताय."

शुगर खरंच उतरली होती. पण पीठच बंद केल्यावर ती चढणार कशावर? सर म्हणाले, चरबीचीही तपासणी करू, पुढच्या आठवड्याला सकाळी उपाशीपोटी या. शोभाताईंनी बजावून सांगितलं, "भाऊ, काही खायचं-प्यायचं नाही हं."

भाऊ त्या सकाळी वेळेवर आले. रक्त काढलं, नळी मशीनमध्ये फिरवली. एरवी लाल रक्त खाली बसतं आणि वर पिवळसर, नितळ पाणी येतं. भाऊंच्या नळीत वर पांढरंफेक दूध!

"भाऊ, तुम्ही उपाशी आहात ना?"

"कडकडीत! फकस्त लोण्याची कॉफी घेतली. त्यात साखर कुठं हुती?"

शोभाताईंनी नळी उजेडात धरली, खालून वर नीट न्याहाळली आणि अगदी गंभीरपणे विचारलं,

"मग भाऊ, विरजण लावू का?"

*

मागच्या वर्षी सरांच्या मनात आलं, ज्याची शुगर सगळ्यात चांगली उतरली त्याचा सत्कार करायचा. आदर्श पेशंट! निवड झाली दहिवडीकडच्या तात्यांची. तरणेपणी मेंढरांमागं फिरलेले, आता थोडी शेती. तीन महिन्यांची सरासरी शुगर बघून सर स्वतः उभे राहिले होते.

शाल झाली, नारळ झाला. तात्या माईकवर आले. "मनावर ताबा पायजे, बाकी काय न्हाई. त्याल सोडलं, तूप सोडलं, साय सोडली, भात सोडला. सोडलं म्हंजे सोडलं." टाळ्या पडल्या.

त्यांची बायको शेवंताकाकी मागं भिंतीशी उभ्या होत्या, पिशवी सांभाळत. तात्यांचं तेल चमच्यानं मोजणाऱ्या त्याच, नाचणी दळणाऱ्या त्याच, दर महिन्याला रिपोर्टाची पिशवी आणणाऱ्याही त्याच. टाळ्या वाजवता वाजवता त्या भिंतीला टेकल्या. शोभाताईंनी ते बघितलं. "काकी, बसा जरा. पाणी देऊ?"

"द्या. सकाळधरनं लय तहान लागतीया. चार म्हयनं झालं असंच चाललंय."

शोभाताईंनी त्यांच्या बोटाला सुई टोचली. मशीनवर आकडाच येईना. शुगर मशीनच्या मोजण्याच्या पलीकडे गेली की दोन अक्षरं येतात, तीच आली. हात धुवून पुन्हा तपासलं. पुन्हा तीच.

तात्या शाल सावरत आले. "मशीन बिघडलं आसंल. तिला कुठली शुगर? तिला काय बी पथ्य न्हाई."

सरांनी माईक खाली ठेवला आणि सलाईनची तयारी करायला सांगितली. शोभाताईंनी नवी फाईल काढली.

"वायली फाईल कशाला?" तात्या म्हणाले. "माज्यातच लिवा की."

मी काकींजवळ खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत तात्यांना शेकडो वेळा विचारलेला प्रश्न काकींना पहिल्यांदाच विचारला.

"काकी, तुम्ही काय खाता?"

काकींनी तात्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. आवाज इतका बारीक, की मला वाकून ऐकावं लागलं.

"ह्यास्नी तुमी जे जे सोडायला लावलं, ते कुनीतरी संपवायला नगं व्हय?"