मागच्या सीटचं बकल

तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकीबाळी सुखरूप घरी पोचवणाऱ्या बजरंग काळभोरला त्याच्या सख्ख्या लेकीनं दवाखान्यातल्या खाटेवरून तोंडावर सांगितलं, "अण्णा, घरी मी तुमच्या गाडीतनं नाही येणार."

आता बोला! ऋतिकाचं हे पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरचं. काल मुलगी झालेली, उद्या अकराला घरी सोडणार. बाळ-बाळंतिणीला घरी आणायचा मान बापाचा, आणि बाप पिवळ्या पाटीच्या गाडीचा मालक. हलवायाच्या लेकीनं दुसऱ्याच्या दुकानातले पेढे वाटावेत, तसलाच हा प्रकार. लोणी काळभोरात घरासमोर परकी टॅक्सी थांबली असती, तर बजरंगला पुढचं वर्षभर तोंड लपवत हिंडावं लागलं असतं. नेमक्या त्या वेळी त्याचा चुलतभाऊ रंगराव तिथं पेपर वाचत बसलेला असणार, हेही ठरलेलं.

ही सगळी हकीकत बजरंग स्वतःच सांगतो. स्टेशनच्या स्टँडवर चहा घेताना, कुणी विचारो न विचारो. आपली फजिती दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच सांगून टाकावी, हा त्याचा जुना नियम. म्हणजे निदान मीठमसाला तरी आपल्या हातचा पडतो.

तर त्यानं लेकीला विचारलं, "का गं? माझ्या गाडीला काय धाड भरली?"

"मागचे बेल्ट लागत नाहीत."

"मागं कोण पकडतंय?"

एवढं बोलून गेला आणि लेकीचा चेहरा बघून त्याला कळलं, की आपण चुकीच्या गल्लीत शिरलो. ऋतिका खराडीच्या कंपनीत कामाला, पण बोलण्याची धार थेट सदाशिव पेठेतली. तिनं शांतपणे विचारलं, "अण्णा, बेल्ट पोलिसासाठी असतो का माणसासाठी?"

खरं सांगायचं तर बजरंगच्या हिशेबी तो पोलिसासाठीच होता. चौक आला की पट्टा छातीवर ओढायचा, चौक गेला की सोडायचा. गाडी टुंईटुंई ओरडायला लागली, तर तिचं तोंड बंद करायला बकलात खोचायची एक नुसती क्लिप मिळते, ती त्यानं घेऊनच ठेवली होती. आणि मागच्या सीटचं म्हणाल, तर तिथली बकलं बसणाऱ्याला टोचतात म्हणून दोन वर्षांपूर्वी नवीन मरून कव्हर शिवून घेताना त्यानं कव्हरवाल्याला बजावलं होतं, "ती बकलं आत गाडून टाक, वर दिसली न्हाय पाहिजेत." कव्हरवाल्यानं काम चोख केलं. मागं बसणारा कधी बेल्ट मागायला लागलाच, तर बजरंग आरशात बघून म्हणायचा, "बसा निवांत, मी हाय ना."

तो आहे, हे खरंच. पण तो पुढं आहे आणि त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत, हा मुद्दा ऋतिकानं काढला. तिनं बाळासाठी सीट आधीच आणून ठेवली होती. उलट्या कासवासारखी दिसणारी, आत मऊ गादी, वरून पट्टे. ती गाडीच्या बेल्टनं बांधायची. बेल्ट नाही, तर सीट नाही. सीट नाही, तर बाळ नाही.

"मांडीवर घ्यायचं की बाळाला! अख्खं गाव मांडीवर वाढलं."

"अण्णा, तुम्ही साठनं चालला असाल आणि कचकन ब्रेक मारला, तर आईच्या हातात बाळ राहील?"

बजरंगची बायको विजयमाला शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बसली होती. ती म्हणाली, "ब्रेक मारल्यावर माझ्या हातात डबासुद्धा ऱ्हात न्हाय." बायको आपल्या बाजूची नाही, हे बजरंगच्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

"उद्या दहापर्यंत सीट नीट बसवून दाखवलीत तर येते," ऋतिका म्हणाली. "नाहीतर इंद्रजीत दुसरी कॅब बघतोय." इंद्रजीत म्हणजे जावई. तो गरीब बिचारा खिडकीतनं बाहेर बघत होता. सासऱ्याच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची छाती नव्हती.

बजरंग सीट काखोटीला मारून पार्किंगमध्ये आला. तीस वर्षं गाडी चालवतोय, एक प्लास्टिकची टोपली बसवता येत नाही म्हणजे काय! त्यानं मागच्या सीटच्या फटीत हात घातला. हाती काय लागलं? दोन रुपयांची नाणी, केसांचा चाप, अर्धं खाल्लेलं बिस्कीट आणि कुणाच्या तरी कानातलं एक डूल. बकल नाही. पुन्हा मनगटापर्यंत हात घातला, तर तो अडकला. दवाखान्याचा वॉचमन येऊन बघून गेला, काही बोलला नाही. पुण्याचा वॉचमन, नुसतं बघण्यातच त्याचं सगळं बोलून झालं.

कव्हर उसवायला बजरंगचा जीव होईना. मरून रंग, पांढरी शिलाई, मागं घोड्याचं चित्र. म्हणून त्यानं डोकं चालवलं. डिकीत नायलॉनची दोरी होती. लहानपणी वडिलांच्या हाताखाली कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या त्यानं बांधल्या होत्या. त्याची गाठ अशी, की ट्रॉली उलटेल पण मोळी सुटणार नाही. त्यानं सीटच्या पाठीमागून दोरी घेतली, खालून काढली, आडवे चार वेढे दिले, गुडघा टेकवून आवळली. सीट जागची हलेना. घाम पुसून मोठ्या ऐटीत त्यानं फोटो काढला आणि लेकीला पाठवला.

उत्तर लगेच आलं. "अण्णा, तो ऊस नाहीये."

त्याच्या खाली दुसरं, "आणि सीट उलटी बसवलीय."

हा वार जिव्हारी लागला. बजरंग तरातरा वर गेला. "उलटी कशी? तोंड रस्त्याकडं हाय की!"

"तेच चुकलंय. एवढ्या लहान बाळाचं तोंड मागच्या काचेकडे पाहिजे."

"मग पोरीला रस्ता कसा दिसंल?"

"तिला रस्ता बघून काय करायचंय? ती गाडी चालवणार आहे का?"

शेजारच्या खाटेवरची बाई खुसखुसली. ऋतिकानं मग बाळाची मान आपल्या तळहातावर धरून बापाला दाखवली. मुठीएवढं डोकं आणि त्याखाली देठाएवढी मान. तोंड पुढं असलं आणि ब्रेक लागला, तर सगळा हिसका त्या मानेला. पाठ पुढं असली, तर झटका अख्ख्या पाठीवर पसरतो, डोकं आणि मान सीटच धरून ठेवते. बजरंग त्या मानेकडे बघत राहिला. मग तो खाली गेला, दवाखान्यासमोरच्या दुकानातनं ब्लेड आणलं आणि मरून कव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टराटरा फाडलं. घोड्याचे मागचे दोन पाय गेले.

बकलं सापडली. एकात जुना च्युइंगगम घट्ट बसलेला, ते लागेचना; ते मग रात्री खरवडून साफ केलं. दुसरं डाव्या बाजूचं. फडक्यानं पुसलं, पट्टा ओढून खोचला, आणि खट्ट. तो आवाज ऐकून बजरंगला जो आनंद झाला म्हणता! त्यानं तीनदा काढून तीनदा लावलं. मग सीटवरचं चित्र बघत, चित्रातल्या बाईसारखाच गुडघा टेकवत, पट्टा कुठून घालायचा ते बघत त्यानं तासभर झटापट केली. ऋतिका डॉक्टरांना विचारून हळूहळू खाली आली. तिनं दोन्ही हातांनी सीट धरून जोर लावून हलवली. बोटभरसुद्धा सरकली नाही. ती म्हणाली, "ठीक आहे." तेवढंच. नापास होत होत पस्तीस मार्कांवर वर ढकललेल्या पोरासारखा बजरंग खूश झाला. जाता जाता त्यानं स्वतःच्या बेल्टातली ती खोटी क्लिपही काढून कचऱ्यात टाकली. म्हटलं, आता गळ्यापर्यंत बुडालोच आहोत, तर डोकंही बुडवून टाकू.

दुसऱ्या दिवशी निघताना नवं महाभारत. विजयमालानं नातीला टोपडं, झबलं आणि तीन दुपट्यांत अशी गुंडाळली होती, की पट्टा कुठं लावायचा तेच कळेना. जाड कपड्यांवरून पट्टा घट्ट बसत नाही, ऋतिका म्हणाली. दुपटी काढा, पट्टे अंगाशी लावा, मग वरून पांघरूण घाला. विजयमाला पुटपुटली, "थंडी वाजंल." बजरंग म्हणाला, "ए.सी. बंद हाय." आदल्या दिवशी लेकीशी भांडणारा हा माणूस आज बायकोला शिकवत होता. माणूस एका रात्रीत शहाणा होतो असं नाही, पण शहाणपणा दाखवायला मात्र लगेच लागतो.

विजयमाला पुढं बसली, ऋतिका मागं बाळाजवळ, आणि इंद्रजीत सामान घेऊन दुचाकीवर आधीच निघाला. फातिमानगर ओलांडलं आणि बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग टाहो. हडपसरच्या पुलावर ट्रक, टेम्पो, रिक्षा यांचा गुंता, आणि मागं ते कोवळं रडणं. विजयमाला म्हणाली, "काढ गं तिला, घे जवळ. आलंच की घर." बारा किलोमीटर होतं घर. बजरंगनं आरशात बघितलं. काल पहाडासारखी उभी राहिलेली पोर आता डोळ्यांत पाणी आणून बसली होती आणि तिचा हात बाळाच्या पट्ट्याकडे चालला होता.

"अण्णा, घेऊ का हो? पाचच मिनिटं. तुम्ही हळू चालवा."

काल हेच कुणी विचारलं असतं, तर बजरंग म्हणाला असता, घे की, मी हाय ना. आज त्याच्या तोंडून निघालं, "हात लावू नको पट्ट्याला!" एवढ्या जोरात, की बाळसुद्धा क्षणभर थांबलं. त्यानं डावीकडचा इंडिकेटर दिला, शेवाळवाडीच्या अलीकडच्या पेट्रोल पंपात गाडी घेतली, कडेला लिंबाच्या सावलीत लावली, चावी काढली. "आता घे. पोटभर पाज. गाडी जागची हलणार न्हाय."

तो खाली उतरून दाराशी पाठ करून उभा राहिला. घरून रंगरावचे फोनवर फोन. ओवाळायला बायका जमल्यात, भाकरतुकडा वाळून चाललाय. बजरंगनं फोन खिशात टाकला. आतलं रडणं थांबलं. आणि त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, पाठमोरा उभा असतानाच तो बोलायला लागला.

"ऋतिका, तू अकरा महिन्यांची होतीस. तवा मी वडापची जीप चालवायचो, लोणी ते हडपसर. एकदा तुला मांडीवर घेतली, तुझे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले आन् भर बाजारातनं हॉर्न वाजवत निघालो. लोकं बघत व्हती, मला लई भारी वाटत व्हतं. मधी म्हैस आली. ब्रेक मारला. तुझं कपाळ स्टेअरिंगवर आदळलं." तो थांबला. "तू रडलीच न्हाईस आधी. ते जे तू गप्प राहिलीस ना, तेवढ्यात मी मेलो. मग रडलीस तवा जीव आला. आन् घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, ओसरीवरनं पडली."

मग विजयमालाचा आवाज आला. "ओसरीवरनं पडलेल्या लेकराच्या कपाळावर हॉर्नचा गोल उठतो व्हय?"

बजरंग गर्रकन वळला. "तुला ठावं व्हतं?"

"त्याच दिवशी."

"अगं, मग मी गवंडी आणून ओसरीची कड गोल करून घेतली, ती कशाला?"

"मला काय म्हाईत! म्हटलं, करतायत तर करू द्या, ओसरी तरी नीट व्हईल." विजयमाला हसली आणि मग हसता हसता थांबली. "पर त्याच्यानंतर तुमी कुठल्याच लेकराला पुढं घेऊन बसला न्हाई. आपल्या न्हाई, दुसऱ्याच्या न्हाई. म्या सत्तावीस वर्षं बघितलं. मग बोलून काय करायचं व्हतं?"

एवढ्या वर्षांचं ओझं, आणि ते उचलणाऱ्याला ठाऊकच नाही की दुसरं टोक बायकोनं धरलंय. बजरंग गाडीत येऊन बसला. मागं ऋतिकानं झोपलेल्या बाळाला सीटमध्ये ठेवलं, पट्टे खांद्यावर घेतले, खट्ट केलं. बजरंगनं चावी लावली, पण रस्ता काही नीट दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा पुसले.

मागून ऋतिकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या, गाडी उभी आहे तोवर. चालवताना नको."

बजरंगनं चावी पुन्हा काढली.