पिलावरची मरळ

तेरणेकाठच्या भोयांमध्ये कोंडीरामाइतकं पाण्यातलं कुणाला दिसत नसे, आणि आपल्याला दिसतं हे गावभर सांगण्यातही त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गूळ करायची एक जुनी काईल त्यानं होडी म्हणून पाण्यात सोडली होती. बार्शीचे एक डॉक्टर दर उन्हाळ्यात गळ घेऊन यायचे. कोंडीराम त्यांना काईलीत पुढं बसवायचा, स्वतः वल्हं घेऊन मागं बसायचा आणि काईल वाऱ्यावर सोडून मासा कुठं दबा धरून बसलाय ते बोटानं दाखवायचा. "तुझ्या डोळ्याला पाणी म्हणजे काच आहे रे," असं डॉक्टर म्हणाले की स्वारीचे पाय आठ दिवस जमिनीला लागत नसत.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. नदी आटली, माणसं खडी फोडायला गेली, आणि पाणी राहिलं ते एका डोहात. भोयांची मच्छीमार सोसायटी नुकतीच कुठं उभी राहिली होती. तिच्या बैठकीत सगळ्यांनी येडाईदेवीची आण घेतली, की पाऊस पडेस्तोवर डोहात जाळं नाही, गळ नाही. बेणं राहिलं तरच उद्या नदीत मासा दिसेल. पोटात कावळे ओरडत असताना माणसांनी हे ठरवलं, याचं मला अजून नवल वाटतं. राखण अर्थातच कोंडीरामाकडे आली.

"बाकीचं काय बी होऊ दे," त्याची म्हातारी आत्या जाईबाई त्याला म्हणाली, "पर पिलावरची मरळ संभाळ. येकच उरलीय."

पिलावरची मरळ भोई कधीच मारत नाहीत. लालसर पिलांचा पुंजका पाण्यावर बुडबुडत फिरतो आणि आई त्याच्या खाली खडा पहारा देते. त्या दिवसांत ती गळाला लागते ती भुकेनं नव्हे, रागानं. पिलांजवळ जे येईल त्याच्यावर ती तुटून पडते. अशा वेळी तिला धरणं कुणालाही जमेल, म्हणून तर ते करायचं नसतं.

वैशाखात डॉक्टर आले. त्यांना बिचाऱ्यांना आणेचं काय ठाऊक! "साहेब, औंदा न्हाय," एवढे तीन शब्द सांगायचे होते. पण मोठ्या माणसाला नाही म्हणायला कोंडीरामाची जीभ रेटेना. त्यानं मनाशी पळवाट काढली: डोहाच्या रिकाम्या अंगाला हिंडवू, काही लागायचं नाही, जातील आपले घरी.

तसंच झालं. दुपारपर्यंत गळ कोरडाच राहिला. डॉक्टर हसून म्हणाले, "चल कोंडीराम, फिरव मागं. नदी थकली, आणि तुझा डोळाही थकला."

हे मात्र गड्याला झोंबलं. त्यानं वल्हं मारलं, काईल करंजाच्या सावलीकडे वळवली आणि बोट दाखवलं. "त्या लाल ठिपक्यांच्या म्होरं टाका साहेब."

पाणी एकदा उसळलं. पुढं हातभर लांब मरळ काईलीत आपटत होती आणि डॉक्टर लहान मुलासारखे ओरडत होते, "वा रे तुझा डोळा!" कोंडीरामाला त्या क्षणी आनंद झाला. खोटं कशाला सांगू, झालाच. अर्धा मासा घे म्हणाले तेव्हा मात्र त्यानं उपास असल्याची थाप मारली.

काईल काठाकडे निघाली तेव्हा त्यानं खाली पाहिलं. पिलं मागं येत होती. आई दिसेना म्हणून ती सगळी काईलीच्या सावलीत शिरली होती. त्यानं वल्हं आपटून त्यांना हाकललं. पांगली, आणि पुन्हा सावलीला आली.

दुसऱ्या दिवसापासून तो दिवसभर काईल घेऊन डोहातच बसू लागला. डोक्यावर ऊन, खाली पिलं. खंड्या आला की खडा मारायचा, बगळा उतरला की ओरडायचा. घरी बायको धुरपदानं विचारलं तर खेकसायचा. खडीवरून परतणारी माणसं काठावर थांबून म्हणायची, "राखण करावी तर कोंडीरामानं!" ते ऐकून त्याला तिथंच बुडून मरावंसं वाटे. एवढी राखण करूनही पुंजका रोज विरळ होत होता. आईचं काम ते, काईलीला कुठून जमणार?

एका दुपारी जाईबाई भाकरी घेऊन डोहावर आली. त्याला काठावर बोलावलं, समोर बसवलं, भाकरीवर ठेचा ठेवला आणि त्याच्या काळवंडलेल्या तोंडावरून हात फिरवला. "लई केलंस रं लेकरा. त्या पिलांची तू मायच झालास बघ."

घास तोंडातच राहिला. "आत्या, त्येंची माय म्याच मारली," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला. डॉक्टर, गळ, करंजाची सावली, सगळं सांगितलं. "साहेबानं डोळा थकला म्हनलं, येवढ्यासाठी मारली."

म्हातारीनं हात काढून घेतला. तिनं शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"गावाला सांगू का?" त्यानं विचारलं.

"सांगशील पाऊस पडल्यावर. आता सांगितलंस तर लोक तुला हितनं हाकलतील, आन् सुटायला तुला तेच पायजे." तिनं काईलीकडे बोट केलं. "ऊठ. बगळा उतरलाय."